फ्रीगंजचं कलम एकवीस

नंदाताई मोघ्यांनी आतापर्यंत चार वेळा राजीनामा दिला होता, आणि चारही वेळा तो फिरून त्यांच्याच पुढ्यात येऊन पडला होता. कारण साधं होतं. अवंती मराठी मंडळाच्या घटनेप्रमाणे फ्रीगंजच्या सहचिटणिसाचा राजीनामा फ्रीगंज समितीनं स्वीकारायचा असतो. समिती पाच जणांची, बैठकीला कोरम तिघांचा. आणि समितीत उरल्या होत्या एकट्या नंदाताई.

"मग मीच स्वीकारते की," त्या एकदा अरविंद सरांना म्हणाल्या होत्या. "देणारी मी, घेणारी मी. भांडण नाही न तंटा नाही."

"तसं होत नसतं, नंदाताई," सर म्हणाले. "एका माणसाची बैठक होत नाही. एका माणसाचा फक्त विचार होतो."

"बरं, तर नवीन माणसं घेते समितीत."

"अवश्य घ्या. पण ती समितीनं बैठकीत घ्यायची. आणि बैठकीला कोरम..."

"तिघांचा," नंदाताई म्हणाल्या. मांजर रांजणात पडावं आणि झाकण घडवणाऱ्या कारागिरानं वरून वाकून झाकण किती चपखल बसलंय ते मांजरालाच समजावून सांगावं, तसं त्यांना झालं. सरांचा राग येण्यासारखं मात्र काही नव्हतं. चौऱ्याऐंशीचा म्हातारा जीव. आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, आणि उतारवयात एकच घटना स्वतःच्या हातानं लिहायला मिळाली, ती ही. तिच्यातला स्वल्पविराम हलला तरी त्यांना रात्री झोप लागत नसे.

या सगळ्याचं मूळ रेल्वेलाइनीत आहे. उज्जैनच्या मधून रूळ जातात. एका अंगाला जुनं शहर, दुसऱ्या अंगाला फ्रीगंज, आणि दोघांना जोडायला पूल. शहरातली मराठी मंडळी म्हणजे शिंदे सरकारांबरोबर आलेल्या कारकुनांची, कारभाऱ्यांची पिलावळ. आडनावंसुद्धा हुद्द्यांची. फ्रीगंजची मंडळी मागाहून आली, कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी मास्तरकीला. शहरवाले फ्रीगंजवाल्यांना 'बदलीवाले' म्हणत. फ्रीगंजवाले शहरवाल्यांना 'सरकारस्वारी' म्हणत आणि त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीला हसत. हसता हसता त्यांचीच पोरं "मम्मी, माझी पेन्सिल गुमली" म्हणायला लागली, तेव्हा हसणं बंद झालं.

दोन मंडळं, दोन गणपती, दोन हळदीकुंकू. शहराकडे माणसं होती पण हॉल नव्हता. फ्रीगंजकडे हॉल होता पण माणसं मोजकी. लग्नं जमतात ती अशीच. तीसेक वर्षांपूर्वी दोन्ही मंडळं एक करायचं ठरलं, तेव्हा फ्रीगंजवाले धास्तावले. आपण मूठभर. शहरवाले हात वर करतील आणि हॉल घेऊन जातील, आपल्या गणपतीला कुठल्यातरी हलवायाचे बेसनाचे लाडू दाखवतील.

तेव्हा सर उभे राहिले होते. म्हणाले, "घाबरता कशाला? देशाच्या राज्यघटनेत एकविसावा भाग आहे, अस्थायी, संक्रमणकालीन आणि विशेष तरतुदींचा. नागांच्या रूढींना संसदेनं परस्पर हात लावायचा नाही. सिक्कीम मागून आलं, तर त्याचे जुने कायदे चालू ठेवायचे. विदर्भ-मराठवाड्यासाठी वेगळी विकास मंडळं. ज्याला दबून जायची भीती आहे, त्याला संघराज्य आधी धीर देतं आणि मग पोटात घेतं. नागालँडला आहे, सिक्कीमला आहे, मग फ्रीगंजला का नको?"

टाळ्या पडल्या होत्या. नंदाताईंचे यजमान, विलासराव, रेल्वेत गार्ड होते. ते मागच्या बाकावरून ओरडले, "विदर्भाला त्याच्यातून काय मिळालं ते आमच्या हिला विचारा, अकोल्याची आहे!" तरुण नंदाताईंनी पदर तोंडाशी धरला होता.

असं कलम एकवीस झालं. फ्रीगंज समितीच्या संमतीशिवाय हॉल विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही, पाडायचा नाही. एक सहचिटणीस कायम फ्रीगंजचा. फ्रीगंजच्या गणपतीला उकडीचेच मोदक आणि तो पाचव्या दिवशीच जाणार, शहराचा खुशाल अनंत चतुर्दशीपर्यंत बसू दे. आणि शेवटी सरांचं लाडकं पोटकलम: ही तरतूद अस्थायी असून, फ्रीगंज समिती शिफारस करील त्या दिवशी ती संपेल.

म्हणजे दोन्हीकडची मनं जुळली की फ्रीगंजवाले आपण होऊन म्हणतील, आता नको, आता आपण एकच. सरांना खरोखर तसं वाटलं होतं.

मनं जुळलीसुद्धा. पण शिफारस करायची कुणाच्या लक्षात राहिली नाही. विलासराव गेले तेव्हा समितीतली त्यांची जागा नंदाताईंना दिली, तात्पुरती म्हणून, कोणी मिळेपर्यंत. मग समितीतले एक देवाघरी गेले, एक पुण्याला गेले, आणि परत न येण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक पडला नाही. एक मुलाकडे कॅनडाला. शेवटचे कानडे मास्तर गेल्या संक्रांतीला वारले, आणि नंदाताईंच्या ध्यानात आलं की फ्रीगंज हा एक प्रांत असून आपण त्याची एकूण लोकसंख्या आहोत.

हॉलची किल्ली त्यांच्याकडे. पाणी आलं नाही, नंदाताई. बारशाला गाद्या हव्या, नंदाताई. छतातून गळतंय, नंदाताई. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातली नोकरी होती तोवर निदान रजा मिळायची. रिटायर झाल्यावर तीही गेली. आठ दिवसांपेक्षा जास्त त्या कुठे राहिल्या नव्हत्या. बॅग भरायला घेतली की फोन येई, "तुम्ही गेल्या तर फ्रीगंज गेलं हो!" आणि हे म्हणणारे सगळे फोन ठेवून आपापल्या मुलांकडे बंगलोरला जाऊन महिना महिना राहून येत.

या खेपेला मात्र त्यांनी ठरवलं होतं. श्रुती, त्यांची एकुलती एक, बँकेत अधिकारी, गंगटोकला बदलून गेली होती. "आई, ये. वर्षभर राहा. खिडकीतून कांचनजंगा दिसतो. म्हणजे ढग नसले तर दिसतो. पण ढगसुद्धा चांगले असतात इथले." नंदाताईंनी रेल्वेच्या पासवर न्यू जलपाईगुडीपर्यंतचं तिकीट काढलं होतं. दोन स्वेटर घेतले होते, त्यातला एक घालून देवास गेटच्या आपल्या खोलीत, उन्हाळ्यात, आरशासमोर उभ्या राहिल्या होत्या.

हो, देवास गेट. यजमान गेल्यावर फ्रीगंजचं रेल्वे क्वार्टर सोडावं लागलं. फ्रीगंजची भाडी परवडेनात, म्हणून त्या पूल उतरून शहरात आल्या. बसस्टँडच्या समोर, दुसऱ्या मजल्यावर. खालून दिवसभर "इंदौर-इंदौर-इंदौर" चालू. उलट शहरातली सरकारस्वारी एकेक करून पूल चढून फ्रीगंजात, ऋषीनगरात फ्लॅट घेऊन गेली होती. महाकालच्या गर्दीला कंटाळून म्हणत, आणि जुनी घरं यात्रेकरूंना भाड्यानं देत.

मंडळाचे अध्यक्ष प्रकाश दफ्तरदार तसेच. टॉवर चौकाजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्टसकट. तेच एका सकाळी देवास गेटचे जिने चढून, धापा टाकत नंदाताईंकडे आले. नंदाताईंनी पोहे पुढे केले, वर शेव, वर माळव्याचा जिरावण मसाला.

"नंदाताई, सीधी बात सांगतो," प्रकाशभाऊ म्हणाले. "सिंहस्थ येऊन राहिलाय. हॉल पाडू, तिथे चांगलं चार मजली यात्री निवास बांधू. खाली आपला हॉल, नवीन, एसी. वर खोल्या. आता काय आहे तिथे? गळकं छत."

"गळतं ते मला सांगता? बादल्या मीच ठेवते."

"म्हणूनच म्हणतो. तुमची पण सुटका."

तो शब्द नंदाताईंच्या कानात पडला आणि आत कुठेतरी गार वाटलं. पोह्याची बशी त्यांनी त्यांच्याकडे आणखी सरकवली.

"नव्या हॉलमध्ये गणपती बसेल?"

"बसेल म्हणजे? एसीत बसेल!"

"मोदक उकडीचे?"

"अहो, तुम्ही म्हणाल तसे."

"मग माझी काही हरकत नाही. मीटिंगमध्ये उभी राहून सांगते. किल्ली पण तिथेच देते. मला जायचंय, प्रकाशभाऊ. खरंच जायचंय आता."

प्रकाशभाऊंना काम एवढ्या सहज होईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी पोहे दोनदा घेतले. जाताना जिन्यातून वर बघून म्हणाले, "तुम्ही महान आहात, नंदाताई."

तो विषय तिथे संपायला हवा होता. पण प्रकाशभाऊंचा पुतण्या सौमित्र वकील होता. घरात वकील असला की सोपी गोष्ट सोपी राहत नाही. तो काकांना म्हणाला, "काका, त्यांची एकटीची हरकत नाही याला काही व्हॅल्यू नाही. कोरमच नाही ना. उद्या कोणी कोर्टात गेलं तर यात्री निवासासकट सगळं अडकेल. आपण वेगळ्या रस्त्यानं जाऊ."

रविवारी सकाळी हॉलमध्ये सर्वसाधारण सभा भरली. सभेनंतर कचोरी होती, त्यामुळे हजेरी चांगली होती. नंदाताईंनी मोतिया रंगाची चांगली साडी नेसली होती. पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा होता आणि मनात चार वाक्यांचं भाषण. माझे यजमान, आपलं प्रेम, काही चुकलं असल्यास, आणि नमस्कार.

अध्यक्षांनी विषय वाचला आणि नंदाताई उठणार, एवढ्यात सौमित्र उभा राहिला.

"कलम एकवीस रद्द व्हायला फ्रीगंज समितीची शिफारस लागते. पण समितीच अस्तित्वात नसेल तर? तर अधिकार मंडळाच्या अध्यक्षांकडे येतो. देशातसुद्धा ३७० च्या वेळी हाच सवाल होता. ज्या संविधान सभेची शिफारस पाहिजे ती तर कधीच विसर्जित झालेली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, सभा संपली म्हणून राष्ट्रपतींचा अधिकार संपत नाही."

"दुसरा पक्षही होता," अरविंद सर पुढच्या खुर्चीतून काठी आपटत म्हणाले. "शिफारस करणारेच गेले, म्हणजे तरतूद कायम झाली, असंही मानणारे लोक होते!"

"होते ना, सर. पण निकाल?"

"निकाल तू म्हणतोस तसा," सर नाइलाजानं म्हणाले. "पण इथे समिती विसर्जित कुठे झालीय? नंदाताई बसल्यात की समोर."

"त्याच्यावरच येतोय." सौमित्रनं चष्मा सारखा केला. "समितीवर फ्रीगंजचा माणूस पाहिजे. नंदाकाकू किती वर्षांपासून देवास गेटला राहतात. आधार कार्ड देवास गेटचं, गॅस देवास गेटचा, मतदान देवास गेटला. त्या फ्रीगंजच्या नाहीतच. म्हणजे त्यांचं सदस्यत्व आपोआप गेलं, समिती संपली, कलम संपलं. काकू, पर्सनली घेऊ नका. टेक्निकल आहे."

खरं तर नंदाताईंना हवं होतं तेच त्यांना फुकटात मिळत होतं. भाषणसुद्धा करावं लागणार नव्हतं. बसून राहायचं, किल्ल्या टेबलावर ठेवायच्या, कचोरी खायची, घरी जायचं आणि स्वेटर बॅगेत भरायचे. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. स्वच्छ कळत होतं.

पण 'फ्रीगंजच्या नाहीतच' हे वाक्य कानातून खाली उतरेना. क्वार्टर क्रमांकाच्या पाटीखाली रोज रांगोळी काढायची ती मग कोण होती? या हॉलच्या पायऱ्यांवर विलासरावांची डेड बॉडी थांबवली होती, मंडळानं हार घालावा म्हणून, तेव्हा तुम्ही कोणाला हात जोडले होते?

यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. उठल्या आणि म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, तुम्ही कुठले?"

"मी? म्हणजे काय?"

"तुम्ही दफ्तरदार. मूळचे कुठले?"

"आम्ही वाईचे," प्रकाशभाऊ छाती काढून म्हणाले. हा प्रश्न त्यांना कोणी झोपेतून उठवून विचारला असता तरी आवडला असता. "राणोजी शिंद्यांबरोबर आलो आम्ही."

"कधी?"

"झाली की अडीचशे-तीनशे वर्षं."

"आणि वाईला शेवटचे कधी गेले होते?"

प्रकाशभाऊ थांबले. "एकदा... महाबळेश्वरला जाताना बोर्ड दिसला होता."

हॉलमध्ये खसखस पिकली. मागून जयू कोतवाल, जिला कुठलीही सभा आपल्या बोलण्यावाचून अळणी वाटे, ओरडली, "उतरले होते का तरी?"

"ट्रॅफिक फार होता," प्रकाशभाऊ म्हणाले.

"आधार कार्ड वाईचं आहे? गॅस वाईचा?" नंदाताईंनी विचारलं. "मुलीच्या लग्नपत्रिकेत मात्र 'दफ्तरदार, वाईकर' छापलं होतं, मी जपून ठेवलीय. जयू, तुम्ही कुठले?"

"आम्ही पैठणचे," जयू म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली.

"सौमित्र, बेटा, तू?"

सौमित्र म्हणाला, "काकू, ते वेगळं. ते मूळ झालं. इथे कायदेशीर निवासाचा..."

"निवासाचंच बघायचं तर तुम्ही सगळे माळव्याचे," नंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, आणि अकोलाही त्यात चढलं होतं. "मग मराठी मंडळ कशाला काढून राहिले? लावा कुलूप. तीनशे वर्षं झाली गाव सोडून, बोली बदलली, भाकरी जाऊन बाटी आली, तरी म्हणून राहिले आम्ही वाईचे, आम्ही पैठणचे, आणि कोणी तुमची वाई काढून घेतली नाही. अन् मी एक पूल उतरून खाली आली तर माझं फ्रीगंज गेलं? प्रकाशभाऊ, तुम्ही फ्रीगंजात राहता. लिफ्ट आहे तुमच्याकडे. म्हणा बरं, 'मी फ्रीगंजचा.' म्हणा ना!"

प्रकाशभाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पिढ्यान्‌पिढ्यांची सरकारस्वारी त्यांच्या घशाशी येऊन उभी राहिली. 'बदलीवाल्यांचा' म्हणवून घेणं त्यांना जिवावर आलं.

"येत नाही ना तोंडातून?" नंदाताई म्हणाल्या. "माझ्या येतं. मी फ्रीगंजची."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेर कचोरीवाला आत डोकावून गेला. बायका उभ्या राहिल्या. अरविंद सरांचे डोळे भरून आले. ते काठीवर जोर देऊन उठले आणि म्हणाले, "माझी सूचना आहे. घटनेत खुलासा घालावा. जो स्वतःला फ्रीगंजचा म्हणेल, तो फ्रीगंजचा, आणि समितीत जागा रिकामी असेल तर तो समितीचाही. ज्याला वाटतं त्याचं ते असतं. नंदाताईंचं सदस्यत्व कायम, समिती कायम, कलम कायम!"

भराभर हात वर झाले. प्रकाशभाऊंचाही झाला. वाईच्या विरोधात मत कसं देणार? सौमित्र एकटा मोबाईल बघत बसला. सूचना मंजूर झाली.

आणि मग नंदाताई खाली बसल्या. टाळ्या थांबल्या, आणि आपण काय करून बसलो ते त्यांना उमजलं. पर्समधला जुडगा मांडीला टोचत होता. त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. आवाज आता वेगळा होता, विनवणीचा. "आता सोपं झालं बघा. जो म्हणेल तो फ्रीगंजचा. आणखी दोघांनी म्हणा. दोघांनी म्हटलं की कोरम झाला, मग मी राजीनामा देते, तुम्ही तो घ्या, किल्ली घ्या, नवीन सहचिटणीस निवडा. माझ्या लेकीकडे जायचंय हो मला. तिकीट आहे. फक्त दोघांनी म्हणा."

आत्ताच टाळ्या वाजवून लाल झालेले हात आपापल्या मांडीवर गेले. कोणी छताच्या ओलीकडे बघू लागलं. तिथे बघितल्यावर तर कोणाचं मन होईना. जयू कोतवालला पहिल्यांदाच बोलायला काही सुचलं नाही. "आम्ही आपले पैठणचे," एवढं ती पुटपुटली.

"मी म्हणतो," अरविंद सर म्हणाले. जन्मभर जुन्या शहरात, पटणी बाजारात राहिलेला माणूस. "मी फ्रीगंजचा. लिहून घ्या. झालीत दोन माणसं."

"तिसरं कोण?" नंदाताईंनी विचारलं.

बाहेरून तळणीचा वास आला आणि कोणीतरी म्हणालं, गरम आहे तोवर खाऊन घ्या.

प्रकाशभाऊंनी त्यांना आपल्या गाडीतून घरी सोडलं. पुलावर जाम होता, यात्रेकरूंच्या बसा एकामागे एक.

"तुम्ही तर हो म्हणाल्या होत्या, नंदाताई," शेवटी ते म्हणाले. रागानं नाही, लहान मुलाला चकवल्यावर ते बोलतं तसं. "तुमच्या घरी पोहे खाताना."

"तुम्ही मागितलं असतं तर दिलं असतं. दोन्ही हातांनी दिलं असतं," नंदाताई म्हणाल्या. "तुम्ही तर मी फ्रीगंजची नाहीच म्हणायला निघाले."

"तो सौमित्र..."

"त्याला काय बोल लावता. तुम्ही म्हणा ना, प्रकाशभाऊ. इथे कोणी ऐकत नाही. मी फ्रीगंजचा. एकदा म्हणून तर बघा, जीभ झडत नाही."

प्रकाशभाऊंनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. पुढची बस हलली. "माझे वडील वरून बघत असतील हो," ते म्हणाले, आणि गिअर टाकला.

खोलीत आल्यावर नंदाताईंनी पंखा लावला आणि बॅगेशेजारी पलंगावर बसून राहिल्या. खाली "इंदौर-इंदौर" चालूच होतं. इथून अर्ध्या उज्जैनला कुठे ना कुठे जायला मिळत होतं. श्रुतीचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, प्रकाशभाऊंच्या महाबळेश्वरसकट. श्रुती हसली, मग हसायची थांबली.

"आई, तुला सोडायचंच होतं ना?"

"हो."

"मग भांडलीस कशाला?"

"मी सोडायला गेले होते गं. ते मला काढायला लागले."

श्रुती म्हणाली, "इथे पण असंच आहे बघ. आमच्या घरमालकीणबाई परवा सांगत होत्या. त्यांची जमीन बाहेरच्या कोणाला विकत घेता येत नाही, त्यांचे जुने कायदे तसेच ठेवलेत. मला फार अभिमानानं सांगत होत्या. आणि मग म्हणाल्या, माझी सगळी मुलं दिल्लीला."

"चहा देतात का तुला?"

"देतात. आई, विषय बदलू नकोस. किती माणसं कमी पडतायत तुला?"

"एक. सरांनी म्हटलं, मी आहे, अजून एक."

"आणि नुसतं म्हटलं की झालं? राहायला पाहिजे असं नाही?"

"नाही. तेच तर मंजूर केलं आज."

"मग मीच म्हणते की! मी तर फ्रीगंजातच जन्मले. क्वार्टरमध्ये वाढले. मी फ्रीगंजची. सरांना फोन करते, फोनवरून कोरम चालतो का विचारते. तुझा राजीनामा घेऊ, आणि तू बस गाडीत. आई? ऐकतेयस ना?"

नंदाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. झालं होतं. सर एक, आपण एक, लेक एक. तिकीट पर्समध्ये होतं, स्वेटर बॅगेत. लेकीच्या आवाजात आपल्याला सोडवल्याचा केवढा आनंद होता.

आपण बाहेर पडलो की समितीत दोघं राहतील. चौऱ्याऐंशीचे सर, आणि श्रुती. नवीन कोणी येणार नाही, ते आज हॉलमध्ये दिसलंच. कलमच संपवायची शिफारस करावी, तर सरांचे भरलेले डोळे आजच पाहिले होते. आणखी काही वर्षांनी एकटी श्रुती. मग ती कुठेही असो, गंगटोकला असो, कोचीला असो, नवऱ्याबरोबर जेवायला बसलेली असो. छत गळतंय, श्रुतीताई. तुम्ही नाही म्हटलंत तर फ्रीगंज गेलं हो, श्रुतीताई.

"आई? मी काय म्हटलं ऐकलंस का?"

"काय गं?" नंदाताई म्हणाल्या. "आवाजच येईना."

"मी म्हटलं, मी फ्रीगंजची..."

"हॅलो? हॅलो, श्रुती? तुटतोय गं आवाज. तुमच्याकडे डोंगरात रेंज नसते."

श्रुतीचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ येत होता. तिच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा ऐकू आली.

"मी उद्या करते फोन," नंदाताई मोठ्यानं म्हणाल्या. "आणि ऐक, ऐकू येत असेल तर ऐक. सरांना तू फोन करू नकोस. त्यांची दुपारची झोप मोडते."